आम्हाला काही त्रास नाही

"आम्हाला काही त्रास नाही हो," नीलाताई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या ताटलीत तिसरा साबुदाणा वडा ठेवला.

मी पेन उघडून बसले होते. समोर त्यांची मुलगी केतकी व्हीलचेअरमध्ये बसली होती. वय चोवीस. कडक इस्त्रीचा कुर्ता, घट्ट वेणी, कपाळावर टिकली. शेजारी तिचे बाबा, श्रीकांतराव, पेपर उघडून न वाचता बसलेले.

"केतकी, सकाळी उठल्यापासून तयार होईपर्यंत तुला कशाकशाला मदत लागते?" मी विचारलं.

केतकीने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि नीलाताई म्हणाल्या, "मी आहे ना. सगळं करते मी. आईला काय जड असतं का?"

मी नजर केतकीवरच ठेवून पुन्हा विचारलं. पुन्हा तिने श्वास घेतला. पुन्हा उत्तर नीलाताईंकडून आलं. शिवाय चटणी.

ही २०१७ सालची गोष्ट. मी मूळची मिरजेची. शिक्षणाने ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजची कामं अडली तर ती कशी जमवायची हे बघणारी. न्यूझीलंडला आल्यावर काही वर्षं हॉस्पिटलात काढली आणि मग पामर्स्टन नॉर्थमध्ये नीड्स असेसर झाले. गावाला सगळे पामीच म्हणतात. गाव लहान, वारा फार, माणसं सायकलवर.

नीड्स असेसरचं काम सांगायला सोपं आहे. इथे अपंग माणसाला रोजच्या जगण्यासाठी मदत देणं हे सरकार आपलं काम समजतं. सकाळी उठवायला, आंघोळ घालायला, कपडे चढवायला माणूस मिळू शकतो. याला पर्सनल केअर म्हणतात. पण कोणाला किती मदत द्यायची हे ठरवायला कोणीतरी घरी जाऊन बघावं लागतं, ती मी. आदल्याच वर्षी देशाची नवी डिसॅबिलिटी स्ट्रॅटेजी आली होती. तिचं सार असं, की अपंग माणसाने कसं जगायचं हे त्याने स्वतः सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्या ऑफिसात त्याचं पोस्टरही लागलं होतं, फोटोकॉपी मशीनच्या वर.

यात एक ग्यानबाची मेख आहे. घरचे लोक आपणहून, बिनतक्रार जे करतात त्याला आमच्या भाषेत नॅचरल सपोर्ट म्हणतात. असेसर तो आधी मोजतो आणि उरलेल्या गरजेपुरती सरकारी मदत ठरवतो. म्हणजे नीलाताईंचं प्रत्येक 'मी आहे ना' ही केतकीच्या मदतीतली वजाबाकी होती. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी घरी एक बाई आली होती, मराठी होती, आणि तिला उपाशी पाठवायचं नव्हतं.

केतकीची फाइल माझ्याकडे आली तीच मुळी तिच्या ईमेलमुळे. 'माझं असेसमेंट पुन्हा करा. मागच्या वेळी आईचं झालं.' एवढंच लिहिलं होतं. पुन्हा असेसमेंट मागायचा हक्क कोणालाही असतो, पण इतक्या थोडक्यात मागणारं कोणी मी पाहिलं नव्हतं.

मी आमच्या टीम लीडरकडे गेले. तिचं नाव रेविन. डेअरी फार्मवर वाढलेली बाई, बोलणं तुटक, मन मोठं.

"मी या लोकांना ओळखते," मी म्हणाले.

"किती ओळखतेस?"

"गणपतीत यांच्याकडचे मोदक खाल्लेत."

"आणखी कोणी खाल्लेत?"

"पामीतल्या सगळ्या मराठी माणसांनी."

"मग तेवढं लिहून ठेव आणि जा. मागचा असेसर परत आला तो समोशांचं कौतुक करत. आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, नो अनमेट नीड." म्हणजे भागली नाही अशी गरजच नाही. माझीही गाडी त्याच रस्त्याने चालली होती.

वड्यांनंतर चहा झाला. चहानंतर नीलाताईंनी घर दाखवलं. त्यांनी दोनेक वर्षांपूर्वी लांब केस कापून बॉयकट केला होता आणि इथल्या मराठी मंडळात सगळ्यांनी त्यांना मॉडर्न झालात म्हणून चिडवलं होतं. तो केसांचा विषय निघाला, माझ्या मुलाचा निघाला, ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमच्या कोणत्या दुकानात भाजणी चांगली मिळते तो निघाला. आंघोळीचा विषय काही निघाला नाही. निघताना हातात डबा आला. गाडीत बसल्यावर मला वाटलं, हा कार्यक्रम आपण आधी पाहिलाय. मावसबहिणीला बघायला लोक यायचे तेव्हा असंच असायचं. मुलीचा कसलाच त्रास नाही हे आईने सांगायचं, आणि मुलीने नीट बसायचं.

संध्याकाळी केतकीचा दुसरा ईमेल आला. 'आईसमोर मला अर्ध्या वाक्याची परवानगी आहे. कॉफी?'

आम्ही द स्क्वेअर या गावाच्या मधल्या चौकाजवळच्या एका कॅफेत भेटलो. ती तिच्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरने एकटी आली होती. वाऱ्याने वेणीचं पार वाटोळं केलं होतं आणि ती त्यामुळे खूश दिसत होती.

"वर्षा म्हणू का वर्षामावशी?" हे विचारायला तिला बराच वेळ लागला.

"कामाच्या वेळी वर्षा."

"गुड. मावशीला खरं सांगता येत नाही."

केतकीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूचा जो भाग स्नायूंना हुकूम सोडतो त्याला इजा झालेली असते. हातपाय ऐकत नाहीत, जीभही पटकन ऐकत नाही. बुद्धीचं म्हणाल तर या मुलीने इथल्या युनिव्हर्सिटीतून स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स केलंय. ती पामीतच जन्मली. इथल्या बऱ्याच मुलांसारखं तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर इंग्रजीत येतं. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे आणि सलग लिहिते आहे. प्रत्यक्षात प्रत्येक शब्द ती ओझं ढकलावं तसा ढकलत आणते, आणि दोन शब्दांच्या मधे समोरच्याला काहीतरी बोलावंसं वाटतंच. ते न बोलणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड कसब. कॉलेजात शिकवतात, पण येतं फार उशिरा.

तर मी गप्प बसले आणि केतकीने सांगितलं. एका रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तिला नोकरी मिळत होती. गवतावरच्या प्रयोगांतले आकडे तपासायचे. या देशात गाई गवतावर आणि देश गाईंवर चालतो, त्यामुळे काम महत्त्वाचं. सकाळी साडेआठला पोचायचं, कारण टीम तेव्हा बसते आणि दिवसाचं काम वाटून घेते. केतकी घरी तयार होते अकराला.

"अकरा का?"

"आई एकटी करते. मधे थांबते. थांबली की म्हणते, पूजेला फुलं आणते. बागेत फुलं नसतात. हिवाळा आहे."

"थांबते म्हणजे दमते?"

"दमते हे कोणी म्हणायचं नाही. घरचा नियम."

नोकरीचं हो की नाही त्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. हो म्हणायचं तर सकाळी कोणीतरी मदतीला हवं. मदत हवी तर माझ्या रिपोर्टमध्ये गरज दिसायला हवी. आणि गरज तिची आई वड्यांखाली झाकत होती.

"तू आईला सांगितलंस का, की तुला बाहेरची मदत हवी आहे?"

केतकी हसली. तिचं हसणं सगळ्या अंगाने येतं, खुर्चीसकट.

"सांगायला सुरुवात करते. आई वाक्य पूर्ण करते. नव्वद टक्के वेळा बरोबर करते. शी इज व्हेरी गुड. पण माझे सगळे विनोद उरलेल्या दहा टक्क्यांत असतात."

मला हे फार लागलं. मी या मुलीला लहानपणापासून गणपतीत बघत आले होते. शहाणी आहे, गोड आहे, असं आम्ही सगळे म्हणायचो. ती विनोदी आहे हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. विनोद वाक्याच्या शेवटी असतो, आणि तिच्या वाक्याच्या शेवटापर्यंत आम्ही कोणी कधी गेलोच नव्हतो.

त्या कॉफीत तिने मला आणखी बरंच ऐकवलं. या देशात अपघाताने अपंगत्व आलं तर त्याचं खातं वेगळं असतं आणि त्याचा हात सढळ असतो. जन्मतः असेल तर आमच्या खात्यात, आणि आमचा हात आखडता. केतकीचं म्हणणं, ती चुकीच्या पद्धतीने अपंग झाली, आईने तिला निदान एकदा जिन्यावरून पाडायला हवं होतं. तिकडे भारतात हल्ली दिव्यांग म्हणतात असं मी सांगितलं तर म्हणाली, "दिव्य? मला सॉक्स घालता येत नाहीत."

ऑफिसात येऊन रेविनला सगळं सांगितलं.

"मला पटतंय," रेविन म्हणाली. "पण कॅफेत ऐकलेल्यावर मी एवढे तास मंजूर करू शकत नाही. वरचे विचारतील, घरी काय पाहिलंस? तू घरी काय पाहिलंस?"

"वडे."

"सकाळ बघ. खरी सकाळ."

यालाही आमच्याकडे पद्धत आहे. प्रश्न विचारायचे नाहीत, नेहमीच्या वेळी जायचं, कोपऱ्यात उभं राहायचं आणि नेहमीचं चालू द्यायचं. मी नीलाताईंना फोन करून सांगितलं, बुधवारी सकाळी सातला येते, तुमचं रोजचं जे असेल ते चालू द्या, माझ्यासाठी काही वेगळं करू नका. त्या म्हणाल्या, "हो हो, अगदी."

बुधवारी सातला मी दारात उभी. केतकी हॉलमध्ये. नाहून, माखून, पावडर लावून, मोरपिशी कुर्ता घालून. खोलीतलं अंथरूण आवरलेलं. बाथरूमची फरशी कोरडी.

"तुम्ही येणार म्हणून पाचलाच उरकून घेतलं," नीलाताई म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर कुठे तो पसारा. उपमा खाता ना?"

केतकी माझ्याकडे बघत होती. अशा झोपाळू चेहऱ्याने इतका राग दाखवता येतो हे मला तेव्हा कळलं.

मी नीलाताईंवर चिडूही शकले नाही. माझी आई मोलकरीण यायच्या आधी घर झाडून ठेवायची. हे आमच्या रक्तातच आहे.

रेविनच्या अंगात मात्र ते रक्त नव्हतं. "म्हणजे ती सातला तयार होऊ शकते," ती म्हणाली. "मग साडेआठची नोकरी आरामात जमेल. मदत कशाला?"

"येह, नाह, रेविन," मी इथल्या पद्धतीने नाही म्हटलं. "ते एका दिवसापुरतं होतं."

"मला ठाऊक आहे गं. पण कागदावर तू जे पाहिलंस ते हेच आहे."

दुपारी केतकीला ईमेल लिहून मी खरं ते सांगितलं. मला दिसलं नाही तर मी लिहू शकत नाही, आणि नुसतं ऐकलेलं पुरेसं होणार नाही. तिचं उत्तर लगेच आलं. 'उद्या सातला ये. मी संपावर जाते आहे.'

गुरुवारी दार श्रीकांतरावांनी उघडलं. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, पण पायात स्लिपर. "ऑफिसला उशीर कळवलाय मी," ते हळू आवाजात म्हणाले. "आत या. आज खायला काही नाही."

केतकी तिच्या खोलीत पलंगावर होती. बाबांचा जुना टी-शर्ट, केसांचा गुंता, डोळ्यांत चिपडं. ओठ घट्ट मिटलेले. नीलाताई हातात टॉवेल घेऊन रडकुंडीला आल्या होत्या.

"बघा हो, पाचपासून अशी आहे. दात घासू देत नाही. हात लावला की अंग ताठ करते. तुम्ही येणार, आणि ही अशी."

"मला चालेल," मी म्हणाले. "मी इथे कोपऱ्यात उभी राहते. तुम्ही रोज करता तसं करा."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर."

त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. श्रीकांतराव भिंतीकडे बघायला लागले. मग केतकीने ओठ उघडले आणि एक शब्द म्हणाली, "प्लीज." आता तिने अंग सैल सोडलं होतं. आईला पेचात पकडलंय, पण आईला त्रास द्यायचा नाहीये, हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

पलंगाशेजारी होइस्ट नव्हता. होइस्ट म्हणजे माणसाला पट्ट्यांच्या झोळीत घेऊन उचलणारं यंत्र, बटण दाबलं की वर जाणारं. ते या घराला पूर्वीच मिळालं होतं. मी विचारलं तर कळलं की गॅरेजमध्ये गणपतीच्या मखराशेजारी, जुनी साडी पांघरून ठेवलंय.

"का वापरत नाही?"

"माझी मुलगी काय सामान आहे का यंत्राने उचलायला?" नीलाताई म्हणाल्या, आणि त्यांनी केतकीचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेतले.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. कोणी वजन उचलायला लागलं की माझे डोळे आपोआप खांद्यावर आणि कमरेवर जातात. नीलाताई सगळं डाव्या हाताने करत होत्या. उजवा हात कोपराच्या वर येतच नव्हता. तो त्यांनी केतकीच्या पाठीमागे नुसता टेकवला होता, आणि मुलीचे हात हनुवटीने आपल्या मानेशी दाबून धरले होते. केतकी अर्धी उठली. मग नीलाताईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्या तशाच थांबल्या आणि लेकीला घेऊन पलंगाच्या कडेवर हळूच बसल्या. मी पुढे होऊन केतकीच्या पाठीला हात दिला.

"जरा फुलं आणते," नीलाताई म्हणाल्या. पण त्यांना उठता येईना.

"खांदा कधीपासून दुखतोय, नीलाताई?"

"कसला खांदा?"

"दोन वर्षं," श्रीकांतराव दारातून म्हणाले. "हात वर जात नाही तिचा. स्वतःची वेणी घालता येईना, म्हणून केस कापले. मी करतो म्हटलं तर मला बाथरूममध्ये येऊ देत नाही. मुलगी मोठी झाली म्हणते."

नीलाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि इतके दिवस वड्यांमागे, उपम्यामागे जे होतं ते बाहेर आलं.

"कोणीतरी बाई येणार. ग्लोव्हज घालून. माझ्या मुलीला ग्लोव्हज घालून हात लावणार. हिला पाणी जरा गार लागलं तर हिचं अंग कसं आखडतं, तिला काय माहीत? चोवीस वर्षं मी कोणाला हिच्या अंगाला हात लावू दिला नाही, आणि आता तुम्ही म्हणता परक्यांच्या हाती दे. मग मी काय करायचं? मी दुसरं काय केलंय आयुष्यात?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि असेसरच्या डोळ्यांत ते येऊ नये असा संकेत आहे, म्हणून मी केतकीचा टॉवेल घडी घालायला घेतला.

"आई," केतकी म्हणाली. मराठीत. "मला... तू..."

"हो गं राणी, तुला मीच हवी, मला का माहीत नाही."

केतकीने मान हलवली. नाही.

"बघा, थंडी वाजतेय तिला."

पुन्हा नाही.

"नीलाताई," मी म्हणाले, "हे असेसमेंट तिचं आहे. तिला वाक्य संपवू द्या. कितीही वेळ लागू दे."

त्यांनी ओठ दाबून धरले. त्यांना ते किती कठीण जात होतं ते मला दिसत होतं. श्रीकांतराव दारात, मी पलंगाशी, आणि मधे केतकी एकेक शब्द आणत होती. तिचं मराठी मोडकं, लहानपणी थांबलेलं.

"मला... संध्याकाळी... घरी येऊन... तुला बॉसची... चुगली सांगायची आहे."

नीलाताई नुसत्या बघत राहिल्या.

"हीप्स ऑफ चुगली," केतकी म्हणाली. "आणि तू... आंघोळीने... दमलेली असतेस."

आधी श्रीकांतराव हसले. मग नीलाताई. त्या हसल्या, हसता हसता रडल्या, डाव्या हाताने डोळे पुसले आणि लेकीच्या गुंत्यात बोटं घालून तिला जवळ ओढलं. मग त्यांनी विचारलं, "आणि बॉस चांगला निघाला तर?"

केतकीने विचार केला. "शोधू काहीतरी."

"बरं," नीलाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "लिहा. मला होत नाही." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही ते गॅरेजमधलं यंत्र आणा आता. उभे काय राहिलात?"

मग मात्र त्यांनी सगळं सांगितलं. किती वेळा थांबावं लागतं, कुठे पाय घसरला होता, कोणत्या दिवशी आंघोळ टाळावी लागते. मी लिहीत होते आणि केतकी मधेमधे दुरुस्त्या करत होती. नीलाताई अजून दोनदा तिच्या वाक्यात घुसल्या, पण दोन्ही वेळा स्वतःच थांबल्या.

रिपोर्ट त्याच दिवशी रेविनच्या टेबलावर ठेवला. तिने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"नॅचरल सपोर्टमध्ये हे काय लिहिलंयस? आई, संध्याकाळी, ऑफिसच्या चुगल्या ऐकण्यासाठी?"

"क्लायंटने तसं सांगितलंय."

"चुगली मंजूर करता येत नाही. इमोशनल सपोर्ट लिही." मग सही करता करता म्हणाली, "माझी आई असती तर तिला आवडलं असतं हे चुगल्या ऐकायचं काम."

सकाळच्या मदतीचे तास मंजूर व्हायला शुक्रवार उजाडला. केतकीने नोकरीला हो कळवलं आणि सुरुवातीची तारीख थोडी पुढे मागून घेतली. आपला मदतनीस आपण निवडायची सोय असते, तीही तिने घेतली. नीलाताईंचा आग्रह होता की मराठी बाई मिळाली तर बघू. केतकी म्हणाली, मग गणपतीपर्यंत मंडळात सगळ्यांना माझ्या सॉक्सचे रंग पाठ होतील. तिने सीना नावाच्या, सामोआ बेटांकडच्या बाईला निवडलं. दणकट, गाणी म्हणणारी, स्वतः चार लेकरांची आई. नीलाताईंनी तिला पहिला प्रश्न ग्लोव्हजचा विचारला. सीना म्हणाली, कामाच्या नियमाप्रमाणे जिथे लागतात तिथे घालीन, केस विंचरताना नाही. त्यावर नीलाताईंनी तिला पाणी किती गरम लागतं ते शिकवायला सुरुवात केली, आणि मी तिथून निघाले.

पहिल्या सोमवारी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते तेव्हा फोन वाजला. नीलाताई.

"गेली हो."

"वेळेवर?"

"वेळेच्या आधी. व्हॅन आली, चढली, गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही."

"आणि तुम्ही काय करताय?"

"उभी आहे. किचनमध्ये."

"बसा की."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसले," त्या म्हणाल्या. "आता?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर कोणत्याही स्ट्रॅटेजीत नाही. मी म्हणाले, "आता संध्याकाळपर्यंत वाट बघायची."

"म्हणजे बाकीच्या आया बघतात तशी."

"तशीच."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवायला विसरल्या. पलीकडून चहाचं भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन कानाला धरून गाडीतच बसून राहिले.

हक्काबद्दल मी या नोकरीत एक गोष्ट शिकले. कायद्यात तो कितीही चांगला लिहिलेला असला तरी तो मिळवायला आधी आपली अडचण कोणाला तरी दाखवावी लागते. आपल्याकडे ती पाहुण्यांना दाखवत नाहीत. म्हणून हल्ली मी मराठी घरी गेले की दारातच सांगते, मी पाहुणी नाही, मला काहीही देऊ नका. अजून तरी कोणी ऐकलेलं नाही.

त्याच संध्याकाळी नीलाताईंचा पुन्हा फोन आला. आवाज पडलेला होता. मला वाटलं काहीतरी बिनसलं.

"काय झालं?"

"बॉस बाई आहे. फारच चांगली आहे म्हणे. केतकीचं बोलणं संपेपर्यंत थांबते."

"मग?"

"मग काय, मगापासून दोघी बसून तिच्यात काहीतरी शोधतोय. केतकीला शेजारच्या टेबलावरचा एक जण जरा आगाऊ वाटतोय. उद्या नीट बघून सांगते म्हणाली."

दुसऱ्या दिवशी मी फाइल बंद केली. आउटकमच्या रकान्यात लिहिलं, नीड मेट.